ताओवर ताव! एका फिलॉसॉफी-सरांची भन्नाट पोतडी

फिलॉसॉफीचे प्रोफेसर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? जाड चष्मा, खडूची पूड आणि शेवटच्या बाकावर लागलेली डुलकी? मग सावरून बसा, मंडळी! आज भेटायचंय अशा सरांना, ज्यांचा हात प्रवासात मोडला, ज्यांना रशियावर भाषणं दिली म्हणून अटक झाली, ज्यांच्या पत्नीने युद्धाच्या धामधुमीत कढई चढवून संसाराला हातभार लावला आणि ज्यांनी नव्वदी उलटल्यावर, डोळ्यांना नीट दिसत नसताना, सात खंडांचा ग्रंथ हातावेगळा केला.

नाव फंग यौलान. जन्म ४ डिसेंबर १८९५, चीनचा हनान प्रांत. काम? चिनी तत्त्वज्ञान शिकवायचं आणि ते जगातल्या इतर तत्त्वज्ञानांशेजारी ठेवून पाहायचं. याच कामाला म्हणतात कम्पॅरेटिव्ह फिलॉसॉफी. नाव जड, पण पोतडी एकदम हलकीफुलकी. उघडू या?

विषय जुना, नाव कोरं!

माहीत आहे का? कन्फ्यूशियस होऊन गेला अडीच हजार वर्षांपूर्वी, पण 'फिलॉसॉफी' या अर्थाचा आजचा चिनी शब्द जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. आणि तो चीनमध्ये जन्मलाच नाही! निशी आमाने या जपानी विद्वानाने १८७० च्या दशकात तो घडवला आणि मग चीनने तो आपला म्हणून स्वीकारला.

आपल्याकडे? गीतेच्या तेराव्या अध्यायात 'तत्त्वज्ञान' आणि 'दर्शन' हे दोन्ही शब्द एकाच समासात बसलेत. म्हणजे आपल्याला शब्द घरातच मिळाला, चिनी लोकांना तो शेजाऱ्याकडून आणावा लागला.

शिकायला गेला एक, शिकून आला दुसरंच

१९१५. विशीला टेकलेला फंग पेकिंग विद्यापीठात दाखल झाला. मनात होतं पाश्चात्त्य तत्त्वज्ञान. पण ते शिकवणारे एकुलते एक प्राध्यापक वारले होते! मग काय, गड्याने चिनी तत्त्वज्ञान घेतलं. पुढे ज्यांच्या पुस्तकांतून जग चिनी तत्त्वज्ञान शिकलं, त्यांची सुरुवात अशी नाइलाजाने झाली.

बरं, तो वर्ग तरी कसा? सरांनी चीनच्या पुराणकाळातल्या राजांपासून आरंभ केला. अर्धं वर्ष सरलं तरी गाडी कन्फ्यूशियसच्याही शेकडो वर्षं आधीच्या एका राजपुरुषापाशीच! एका विद्यार्थ्याने धीर करून विचारलं, सर, हे संपणार कधी? उत्तर मिळालं ते असं: संपवायचं म्हटलं तर एका वाक्यात संपेल, नाही म्हटलं तर कधीच संपणार नाही. आहे की नाही पोर्शन पूर्ण करण्याची जगावेगळी व्याख्या?

गुरू तिकडे, चेला इकडे

माहीत आहे का? फंग ज्यांच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचला, ते अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई त्या वेळी नेमके चीनमध्ये होते! १९१९ ते १९२१ अशी दोनेक वर्षं ड्युई चीनभर व्याख्यानं देत फिरत होते. शिष्याने समुद्र ओलांडला, तर गुरू त्याच्याच गावी पाहुणा. ते परतले आणि मग दोघांची गाठ पडली.

त्याच काळात ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलही चीनमध्ये होते. तिथे ते गंभीर आजारी पडले आणि जपानी वृत्तपत्रांनी त्यांच्या निधनाची बातमीच छापली. पुढे बरे होऊन जपानला गेल्यावर पत्रकार मुलाखतीसाठी जमले, तेव्हा त्यांच्या हाती एक टाइप केलेली चिठ्ठी पडली. तिचा मतलब असा की, साहेब तुमच्याच पेपरात वारले आहेत, मुलाखत कशी देणार?

तीस नोव्हेंबर, टागोर आणि एक प्रश्न

आता या पोतडीतला हिरा! ३० नोव्हेंबर १९२०. न्यूयॉर्कमध्ये पंचविशी गाठायला चारच दिवस बाकी असलेला फंग जाऊन भेटला थेट रवींद्रनाथ टागोरांना. आणि त्याने विचारलं काय? पूर्व आणि पश्चिम यांच्यातला फरक हा कमी-जास्तीचा आहे की जातकुळीचाच वेगळा?

गुरुदेवांचं उत्तर होतं, जातकुळीचा. फंगने ती मुलाखत लिहून चिनी मासिकात छापली. पण उत्तर मिळालं म्हणून प्रश्न सुटला नाही. तो फंगसोबत साठ वर्षं फिरला. कसा ते पुढे सांगते, तोवर हा प्रश्न खिशात ठेवा!

बेरीज, वजाबाकी आणि मधला मार्ग

माहीत आहे का? फंगच्या पीएचडीच्या प्रबंधात जगभरची तत्त्वज्ञानं चक्क बेरीज-वजाबाकीत मांडली होती!

गट पहिला, वजाबाकीवाले. माणसाने पसारा वाढवून ठेवलाय, तो कमी करा म्हणजे सुख. इथे चीनचा लाओ-त्झू आणि ग्रीसचा प्लेटो एका पंगतीत! गट दुसरा, बेरीजवाले. आहे ते पुरेसं नाही, माणसाने आपल्या हाताने जग सुधारायचं. तिसरा गट मधल्या मार्गाचा. तिथे कन्फ्यूशियस आणि ॲरिस्टॉटल मांडीला मांडी लावून बसलेले.

यातली खरी धमाल बघा. पूर्व एका बाजूला, पश्चिम दुसऱ्या बाजूला अशी फाळणीच नाही. प्रत्येक गटात दोन्हीकडची माणसं. टागोरांकडून आलेलं उत्तर पोराने दोन-तीन वर्षांतच तपासायला घेतलं होतं.

या धंद्याचे मूळपुरुष आपल्या महाराष्ट्रात!

जरा टाइम-मशीनमध्ये बसा. काटा फिरवा इसवी सन ६४१ च्या आसपास. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात एक चिनी भिक्षू आलाय. ह्युएन त्संग! इथल्या माणसांबद्दल त्याने काय टिपून ठेवलं, माहीत आहे का? उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. आणि सूड घ्यायचा झाला तर आधी शत्रूला कळवून मग घेतात. लढाईपूर्वी इथे हत्तींना दारू पाजत, हीही नोंद त्याचीच.

सोळा वर्षांची भटकंती करून ६४५ मध्ये तो परतला तेव्हा सामानात ६५७ ग्रंथ होते. एक्स्ट्रा बॅगेजचा विक्रमच म्हणा!

पण आमच्या विषयासाठी सोन्याची गोष्ट आहे ६४७ सालची. कामरूपचा, म्हणजे आजच्या आसामचा राजा भास्करवर्मा याला लाओ-त्झूचं 'ताओ ते चिंग' संस्कृतात हवं होतं. चीनच्या सम्राटाने काम सोपवलं ह्युएन त्संगवर. आणि पहिल्याच शब्दावर गाडी अडली. 'ताओ'ला संस्कृतात म्हणायचं काय?

ताओपंथी पंडित म्हणाले, 'बोधी' लिहा. ह्युएन त्संग म्हणाला, छे! 'बोधी' म्हणजे ज्ञानाची जाग, 'ताओ' म्हणजे वाट. तेव्हा 'मार्ग'च लिहायचं. एका शब्दासाठी भर सभेत खडाजंगी. ते भाषांतर आज हाती नाही, पण ते भांडण नोंदलेलं आहे. ताओवर ताव मारायचा तर आधी असा एकेक शब्द चावून खावा लागतो.

अठ्ठेचाळीस तासांत चालते व्हा!

चिनी तत्त्वज्ञानाचं कौतुक केलं म्हणून नोकरी जाईल? गेली की! जर्मनीतल्या हाले विद्यापीठात क्रिस्टियान वोल्फ या प्राध्यापकाने १७२१ मध्ये प्रशासकीय पद सोडताना भाषण केलं. मुद्दा असा की, चिनी लोकांपर्यंत ख्रिस्ती धर्मग्रंथ पोचला नव्हता, तरी त्यांनी उत्तम नीती उभी केली. म्हणजे चांगलं वागायला माणसाची बुद्धी पुरते.

धर्मपंडित खवळले. वाद पेटत-पेटत १७२३ मध्ये राजापर्यंत गेला. हुकूम सुटला, ४८ तासांत राज्य सोडा, नाहीतर फाशी! वोल्फ निघाले आणि मारबुर्गमध्ये शिकवू लागले. १७४० मध्ये नवा राजा गादीवर आला आणि त्यांना सन्मानाने परत बोलावणं धाडलं.

शून्य-एकची जादू

माहीत आहे का? तुमच्या मोबाइलमध्ये धावणारे शून्य आणि एक, त्यांचीही इथे एक झलक आहे. गणिती लाइब्निट्स यांना १७०१ मध्ये चीनमधल्या बुव्हे या फ्रेंच मिशनरी मित्राने 'यी चिंग' या प्राचीन ग्रंथातल्या आकृत्या पाठवल्या. सहा रेषा, प्रत्येक रेघ अखंड तरी किंवा तुटकी तरी. एकूण आकृत्या ६४. लाइब्निट्स उडालेच! त्यांची स्वतःची शून्य-एकची मोजणी तर हुबेहूब अशीच होती.

पण थांबा! लाइब्निट्स यांनी ती पद्धत हे चित्र बघण्याआधीच शोधली होती. आणि चिनी ग्रंथातल्या त्या रेषा गणितासाठी नव्हे, शकुन पाहण्यासाठी होत्या. दिसायला सारखं, कामाला वेगळं. कम्पॅरेटिव्ह फिलॉसॉफीच्या माणसाला अशा ठिकाणी ब्रेक लावता आला पाहिजे. जुळ्यांसारखे दिसले म्हणून भाऊ होत नाहीत!

दोन खंड, एक ब्लॉकबस्टर

चला, परत फंग सरांकडे. १९२८ पासून ते बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात. बोलताना जरा अडखळत. एखाद्या नावावर जीभ अडायची, पण विचार इतका स्वच्छ की पोरं कान टवकारून ऐकत.

चिनी तत्त्वज्ञानाच्या आधुनिक इतिहासाचा पहिला खंड प्राध्यापक हू शी यांनी १९१९ मध्ये काढला होता. खळबळ माजली, पण पुढचा खंड काही आला नाही. फंग सरांनी १९३१ मध्ये एक आणि १९३४ मध्ये दुसरा असे दोन्ही खंड पुरे करून दाखवले. दोघांची चुरस कशावर? इतिहास सुरू कुणापासून करायचा? हू म्हणाले लाओ-त्झू, फंग म्हणाले कन्फ्यूशियस. पहिला नंबर कुणाचा, यावर दोन प्रोफेसर वर्षानुवर्षं झुंजले.

आणि हे माहीत आहे का? फुलब्राइट स्कॉलरशिपवर परदेशी गेलेला पहिला अमेरिकन म्हणजे डर्क बॉड. १९४८ मध्ये तो बीजिंगला गेला ते फंग सरांच्याच दुसऱ्या खंडाचं इंग्रजी भाषांतर करायला!

चहा इंग्लंडमध्ये, बेड्या मायदेशी

१९३३-३४. सर युरोपात. केंब्रिजमध्ये त्यांना दुपारच्या चहाला कुणी बोलावलं असेल? तत्त्वज्ञ लुडविग विट्गेन्स्टाइन यांनी! जे शब्दांत सांगता येत नाही त्याचं काय करायचं, हा विट्गेन्स्टाइन यांचा लाडका प्रश्न. ताओवाले तर दोन हजारांहून अधिक वर्षं तेच करत आलेले. गप्पा जमल्या नसत्या तरच नवल.

याच दौऱ्यात सरांनी रशियाही पाहिला. घरी आल्यावर त्यावर व्याख्यानं दिली आणि नोव्हेंबर १९३४ मध्ये पोलीस दारात! सुदैवाने सुटका लगेच झाली. प्रवासवर्णन एवढं महागात पडलेले प्रोफेसर विरळाच.

हात दाखवून अवलक्षण!

१९३७. जपानने हल्ला केला. पेकिंग, छिंगह्वा आणि नानखाय या तीन विद्यापीठांनी बिऱ्हाड उचललं. आधी छांगशा, मग १९३८ मध्ये थेट नैर्ऋत्येला कुनमिंग. अडीचशे-तीनशे विद्यार्थी आणि काही प्राध्यापक चक्क पायी निघाले. सुमारे १६०० किलोमीटर, ६८ दिवस! पाठीवर विद्यापीठ घेऊन चाललेली ही वारीच होती.

फंग सर बसने निघाले, व्हिएतनाममार्गे. सीमेजवळ एका गावाची अरुंद वेस आली. ड्रायव्हर ओरडला, हात आत घ्या! सरांचा हात बाहेर राहिला, भिंतीवर आपटला आणि मोडला. त्यांचे तर्कशास्त्री दोस्त जिन युएलिन हा किस्सा रंगवून सांगत. बाकीच्यांनी पटकन हात आत घेतले, सर मात्र विचार करत बसले की हात का आत घ्यायचे, आणि हे सगळ्यांच्या हातांविषयी आहे की एखाद्याच्या हाताविषयी!

मुक्काम पोस्ट हनोईचं हॉस्पिटल. दाढी करणं अवघड, म्हणून ती वाढली. पुढे त्या लांब दाढीने सरांना अगदी प्राचीन ऋषींचा लूक दिला.

पत्र्यावर पाऊस, कढईत पीळ

कुनमिंगच्या वर्गांवर पत्रे. पाऊस आला की ताडताड आवाजात काही ऐकू येईना. सांगतात की एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकदा फळ्यावर लिहून टाकलं, तास बंद, पाऊस बघा! कोकणातल्या शाळेत शिकलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

महागाई भडकलेली, पगार पुरेना. मग फंग सरांच्या पत्नी रन त्झायखुन यांनी शाळेतल्या पोरांसाठी कढई मांडली. पदार्थ म्हणजे मैद्याची पीळ घातलेली तळलेली कांडी, आपल्या शंकरपाळ्याची चिनी चुलतबहीणच. एकीकडे तेल तापतंय, दुसरीकडे सरांची लेखणी. युद्धाच्या त्या वर्षांत सरांनी एक-दोन नाही, सहा पुस्तकं लिहिली.

बाय द वे, कन्फ्यूशियसची फी किती होती, माहीत आहे का? सुकवलेल्या मांसाची एक जुडी. तेवढी आणणाऱ्या कुणालाही तो शिकवायचा. म्हणजे गुरुजींचं घर आणि खाऊ यांचं नातं फार जुनं!

याच पत्र्याखालच्या विद्यापीठात शिकलेल्या यांग आणि ली या जोडीने १९५७ मध्ये फिजिक्सचं नोबेल पटकावलं.

विमानाआधी विमान होतं का?

युद्धाच्या धामधुमीत सर काय शिकवत होते? हा प्रश्न घ्या. विमान बनण्याआधी विमानाचं तत्त्व होतं का? फंग सर म्हणत, होतं! राइट बंधूंनी विमान बनवलं, पण विमान ज्यामुळे विमान ठरतं ते 'ली', म्हणजे तत्त्व, आधीपासून आहेच. चीनमधला आठशे वर्षांपूर्वीचा चू शी आणि ग्रीसचा प्लेटो यांना त्यांनी इथे एका धाग्यात ओवलं. न्याय-वैशेषिक वाचलेल्यांना इथे 'सामान्य' आठवेल. घट फुटतो, 'घटत्व' मात्र नित्य राहतं. तीन देश, तीन भाषा आणि कोडं मात्र एकच. ज्या डोक्यांवर खरीखुरी विमानं बॉम्ब टाकत होती, त्यांना सर विमानाचं तत्त्व समजावत होते.

दुसरी गंमत म्हणजे सरांची चार मजली इमारत. तळमजल्यावर सवयीने जगणारा माणूस. पहिल्या मजल्यावर स्वतःच्या फायद्यासाठी जगणारा. दुसऱ्यावर समाजासाठी. आणि गच्चीवर? अवघ्या विश्वाचा घटक म्हणून जगणारा. कामं चौघांची सारखीच असू शकतात. स्वयंपाक, शेती, शिकवणं. बदलते ती फक्त समज! मजला बदलायला घर बदलावं लागत नाही, हे या विचाराचं सौंदर्य.

आपली हरवलेली पुस्तकं, चीनच्या कपाटात

ब्रेकिंग न्यूज! बौद्ध तर्कज्ञ दिङ्नागाचा 'न्यायमुख' हा तर्कग्रंथ संस्कृतात हरवला. वैशेषिक पंडित चंद्रमतीचं 'दशपदार्थशास्त्र' तेही हरवलं. मग आपण ते वाचतो कसे? ह्युएन त्संगने केलेल्या चिनी भाषांतरांतून! घरात हरवलेली वस्तू शेजाऱ्याने तेराशे वर्षं जपून ठेवावी, तसं झालं.

आणि ती शोधायला पुणेकर गेले होते, हे माहीत आहे का? फर्ग्युसन कॉलेजचे पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाच्या चिनी भाषांतराची पाली 'विसुद्धिमग्गा'शी ओळीला ओळ लावून तुलना केली. हार्वर्डच्या पीएचडीसाठी केलेलं हे काम १९३७ मध्ये पुण्यातच ग्रंथरूपात छापलं गेलं. १९७० मध्ये तर त्यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्यासोबत आणखी एका चिनी विनयग्रंथाचं इंग्रजी भाषांतर काढलं. प्रकाशक? आपली भांडारकर संस्था!

असेच दुसरे अभ्यासक वा. वि. गोखले यांनी १९३० मध्ये जर्मनीत 'अक्षरशतक' हा छोटा बौद्ध ग्रंथ चिनी आणि तिबेटी पाठांवरून उजेडात आणला. संस्कृत, पाली, चिनी, तिबेटी आणि वर जर्मन. एका माणसाच्या डोक्यात पाच भाषांचं संमेलन!

परतीचं तिकीट

युद्ध संपलं. १९४६-४७ मध्ये फंग सर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवायला गेले. त्या व्याख्यानांतून १९४८ मध्ये चिनी तत्त्वज्ञानाचा छोटेखानी इतिहास आला, तोही थेट इंग्रजीत. आणि ट्विस्ट असा की, चिनी वाचकांना तो चिनीत मिळाला १९८५ मध्ये, इंग्रजीतून भाषांतर होऊन! चिनी माणसाचं चिनी विषयावरचं पुस्तक परदेश फिरून घरी आलं.

स्वतः सर मात्र लवकर परतले. अमेरिकेत कायम राहायचा परवाना हातात होता. हवाईत अधिकाऱ्याच्या पुढ्यात त्यांनी तो ठेवून दिला. अधिकारी म्हणाला, जवळ असू द्या, पुन्हा येता येईल. सर म्हणाले, गरज नाही.

त्याच हवाईची खासियत माहीत आहे का? १९३९ मध्ये पूर्व-पश्चिम तत्त्वज्ञांची पहिली परिषद होनोलुलूत भरली. मोजून पाच-सहा जण! त्यातूनच पुढे १९५१ मध्ये 'फिलॉसॉफी ईस्ट अँड वेस्ट' हे नियतकालिक उभं राहिलं. परिषदेतल्या विंग-त्झित चान यांनी १९६३ मध्ये चिनी तत्त्वज्ञानाचं भलंथोरलं सोर्सबुक काढलं. त्याचा थोरला भाऊ ठाऊक आहे? १९५७ चं भारतीय तत्त्वज्ञानाचं सोर्सबुक. संपादक चार्ल्स मूर आणि आपले राधाकृष्णन!

जरा थांबून

आता आवाज थोडा खाली घेऊ. माओंच्या काळात फंग सरांना वर्षानुवर्षं स्वतःच्याच विचारांवर टीका करावी लागली. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना कोंडून ठेवलं गेलं. १९६८ मध्ये माओ म्हणाले की, चिद्वाद (आयडियलिझम) समजून घ्यायचा तर फंग यौलानलाच विचारावं लागेल. तेवढ्या शब्दावर त्यांची सुटका झाली. विचार चुकीचे ठरवले गेले, पण ते समजावणारं माणूस दुसरं नव्हतं.

१९७३ मध्ये देशभर कन्फ्यूशियसविरोधी मोहीम निघाली. ज्या कन्फ्यूशियसपासून त्यांनी इतिहास सुरू केला होता, त्याच्यावर सरांनीही टीका लिहिली. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे लपवलं नाही. त्या वेळी आपण खरं बोललो नाही, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. ऐंशी पार केलेल्या शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्यांपुढे मांडावी, हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड तास असेल.

खिशातला प्रश्न काढा!

टागोरांना विचारलेला प्रश्न आठवतोय? १९५१ मध्ये सर चिनी सांस्कृतिक शिष्टमंडळासोबत टागोरांच्या देशात येऊन गेले. दिल्ली विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. आणि १९८२ मध्ये कोलंबियानेही तोच मान दिला. जिथे पोरगेला फंग शिकला, तिथे ८६ वर्षांचे सर कन्या त्सुंग फू यांचा हात धरून पोचले. कन्या कोण? माओ दुन पुरस्कार मिळवलेली कादंबरीकार!

तिथल्या भाषणात सरांनी त्या प्रश्नाचा हिशेब मांडला. आधी वाटलं, फरक पूर्व आणि पश्चिम असा दिशांचा आहे. मग वाटलं, नाही, तो जुन्या आणि नव्या काळाचा आहे. शेवटी वाटलं, समाज कोणत्या टप्प्यावर उभा आहे त्याचा आहे. एक प्रश्न, तीन उत्तरं, बासष्ट वर्षं! आणि आपण गूगलवर पहिल्या रिझल्टला समाधान मानतो.

भात झाला, चहा बाकी

शेवटची मेजवानी! चिनी लिपीत तांदळाचं अक्षर सुटं केलं की 'आठ-दहा-आठ' दिसतं. म्हणजे ८८. म्हणून ८८ वं वर्ष हे 'तांदळाचं'. चहाच्या अक्षरात त्या ८८ वर आणखी दोन दहा चढतात. झाले १०८! फंग सर आणि ते किस्सेबाज जिन युएलिन, दोघेही १८९५ चे. अठ्ठ्याऐंशी गाठल्यावर सरांनी दोघांसाठी दोन ओळी लिहिल्या. आशय असा की, तांदळावर कशाला थांबायचं, चहापाशी भेटू या.

तोवर नजर जवळजवळ गेली होती. सात खंडांचा तो ग्रंथ सर तोंडी सांगत, मदतनीस लिहून घेत. नवं वाचता येत नाही, तर पोटात साठवलेलं म्हाताऱ्या बैलासारखं रवंथ करतो, असं ते म्हणत. आजारपणात मुलीला म्हणाले, आता उपचार करून घेतो, कारण पुस्तक बाकी आहे. ते झालं की मग औषधाची गरज नाही. सातवा खंड १९९० च्या उन्हाळ्यात पुरा झाला. २६ नोव्हेंबरला सर गेले. पंचाण्णवाव्या वाढदिवसाला आठ दिवस कमी. तांदूळ ओलांडला, चहा राहिला.

आता तुमच्या हातातला कप बघा. 'चहा' हा शब्द आपल्याकडे आला तोच मुळी चीनमधून. त्यांच्या चहाच्या अक्षरात १०८ आणि आपल्या जपमाळेत मणी किती? १०८!

योगायोग की नातं? लाइब्निट्सचे ते ६४ आठवा आणि घाईने उत्तर देऊ नका. कप गार होईपर्यंत विचार करा. फंग सरांनी आपल्या प्रश्नाला बासष्ट वर्षं दिली होती.